फ्लेमिंगो पॉइंट नको, पायवाट द्या

सोमवारी सकाळी ऑफिसातल्या एका मित्राने मला त्याचं रील दाखवलं. होडीचं टोक, मागे संथ पाणी, होडी जवळ जाताच उडालेला रोहितांचा थवा, आणि वर कुठलंसं हिंदी गाणं. "तुझं गाव कसलं भारी आहे रे," म्हणाला. मी विचारलं, गावात कुठे कुठे फिरलास? तर म्हणे, गावात नाही गेलो. हायवेवरून आत वळलो, होडीत बसलो, फोटो काढले, हायवेलाच मच्छी थाळी खाल्ली आणि चारला परत निघालो. म्हणजे हा माणूस भिगवणला जाऊन आला आणि त्याने भिगवण पाहिलंच नाही.

मला राग आला, आणि लगेच ओशाळल्यासारखंही झालं. कारण मी स्वतः रोहित नीट पाहिले ते बाविसाव्या वर्षी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, पुण्यातल्या मित्रांच्या गाडीतून, होडीचे पैसे भरून. मी भिगवणमध्ये वाढलोय. दहावीपर्यंत तिथेच शिकलोय. पाणी घरापासून सायकलच्या अंतरावर होतं आणि आमच्या शाळेने आम्हाला एकदाही तिकडे नेलं नाही. सहल जायची ती प्रतापगडला किंवा कोकणात. घरच्यांचं सांगणं एकच, "पाण्याकडं जाऊ नको." पुढे अकरावी-बारावीला बारामतीला गेलो. तिथे पर्यावरणाचा प्रकल्प सक्तीचा. मी केला 'ध्वनिप्रदूषण : कारणे व उपाय'. केला म्हणजे काय, झेरॉक्सच्या दुकानात आदल्या वर्षीची वही मिळाली, ती उतरवली. ज्या आठवड्यात मी डेसिबलचा तक्ता स्केचपेनने सजवत होतो, त्याच आठवड्यात हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब माझ्या गावाशेजारच्या गाळात चरत असणार.

तर हा लेख त्या सायकलच्या अंतराबद्दल आहे. भिगवणला पर्यटन आहे, होड्या आहेत, गाइड आहेत, नाश्त्याची सोय आहे. गावातल्या पोराला, म्हातारीला, मास्तरला पाण्यापर्यंत आणि पाण्याच्या कडेने शेजारच्या गावापर्यंत सुखाने चालत जाता येईल अशी वाट मात्र नाही. माझं म्हणणं असं की आधी ती वाट हवी, बाकी सगळं नंतर. आणि ती गावकऱ्यांसाठी हवी. पुण्याच्या पाहुण्यांनी तिच्यावरून चालायला हरकत नाही, पण ती त्यांच्यासाठी नको.

ज्यांना भौगोलिक अंदाज नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भिगवण पुणे-सोलापूर रस्त्यावर, पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर, इंदापूर तालुक्यात, बारामतीच्या हद्दीला लागून. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्याचं पाणी मागे सरकत इथवर आलं. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. म्हणूनच दर उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते आणि तरी पाणी दिसत राहतं. भिगवणकडचा भाग म्हणजे या जलाशयाची उथळ शेपटी. सोलापूरसाठी पाणी सोडलं की इथलं पाणी ओसरतं, गाळ उघडा पडतो, आणि त्या घोटाभर पाण्यात रोहित, शेकाटे, चक्रवाक, चमचे उतरतात. म्हणजे आपण ज्याला निसर्ग म्हणून नावाजतो ती एका धरणाची आणि त्याच्या आवर्तनांची करणी आहे. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांना हे सांगायची गरज नाही. पळसदेव आख्खं उठून वर आलं. जुनं पळसनाथाचं हेमाडपंती देऊळ धरणात राहिलं आणि पाणी फारच खाली गेलं की बाहेर येतं. मग टीव्हीवाले ड्रोन घेऊन येतात.

धरणाने गावं बुडवली हे सगळे सांगतात. त्याने गावांमधल्या वाटा बुडवल्या हे कमी लोक सांगतात. नदी होती तेव्हा पलीकडचं गाव समोर होतं. उन्हाळ्यात पात्रातून चालत जाता यायचं. आता इंदापूरचा आणि करमाळ्याचा काठ यांच्यामध्ये समुद्रासारखं पाणी आहे. डिकसळजवळचा जुना ब्रिटिशकालीन रेल्वेपूल तेवढा पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांना जोडत आला. बाकी ठिकाणी होडी. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळात उलटली आणि सहा जण गेले. ती माणसं पर्यटक नव्हती. रोजच्या कामाला, सोयरिकीला अशीच ये-जा करणारी होती. पायवाटेने हा प्रश्न सुटत नाही, त्याला पूलच लागतो, हे मला कळतं. पण 'बॅकवॉटर म्हणजे सुंदर देखावा' असं म्हणणाऱ्याने ही तारीख लक्षात ठेवावी. इथे लोक पाणी ओलांडून जगतात.

आता पाण्यात काय आहे ते. मी पुण्यात राहतो. माझ्या सोसायटीतलं सांडपाणी गटारातून मुठेकडे जातं. त्यातलं काही शुद्ध होतं, काही होत नाही. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा दौंडवरून खाली येते आणि उजनीत शिरते. म्हणजे मी शनिवारी रात्री आईला भेटायला गाडीने निघतो आणि माझं सांडपाणी माझ्या आधी किंवा माझ्या मागोमाग त्याच दिशेने येत असतं. पिंपरी-चिंचवडचंही तेच. ९९० कोटींची, ११ शुद्धीकरण केंद्रांची मुळा-मुठा योजना २०१६ मध्ये जपानी कर्जाने ठरली, तेव्हा मी शाळकरी होतो. मी शिकलो, नोकरीला लागलो, दोन कंपन्या बदलल्या, नदीला अजून वास येतोच. मध्यंतरी ४४ किलोमीटर नदीकाठ सुशोभित करायचं काम मात्र धडाक्यात सुरू झालं. पाणी घाण राहू दे, काठ सजवू, ही आपली रीत आहे. भिगवणला तीच रीत 'फ्लेमिंगो पॉइंट' या नावाने येते.

आणि इथे एक गैरसमज आधी मोडायला हवा. रोहित आले म्हणजे पाणी छान, असं समीकरण नाही. सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद येतं, त्यावर शेवाळ आणि बारीक जीव फोफावतात, आणि चोच उलटी करून चिखल गाळणाऱ्या पक्ष्याला त्यात पुष्कळ खायला मिळतं. पण त्याच पाण्यावर जलपर्णी माजते. त्याच पाण्यात आज जाळ्याला जास्त लागते ती चिलापी, जी मुळात आफ्रिकेतली. मासेमारी करणारे म्हातारे मरळीच्या, वामेच्या आठवणी काढतात. सोलापूर शहर हेच पाणी पितं. हे सगळं त्या काठावर उभं राहून, बोटाने दाखवून शिकवण्यासारखं आहे. होडीतून थवा उडवताना ते शिकता येत नाही.

म्हणून पायवाट. कशी, ते सांगतो. मी काही वास्तुविशारद नाही, पण गेली दोन वर्षं सुट्टीत गावी आलो की फोनवर जीपीएस चालू ठेवून चालतोय. ओपनस्ट्रीटमॅप उघडून आमचा भाग बघा. हायवे आहे, रेल्वे आहे, हॉटेलं आहेत. मधल्या पाऊलवाटा जवळजवळ नाहीतच. त्या जमिनीवर आहेत. शाळेमागून ओढ्याकडे जाणारी, मासळीवाल्यांच्या वस्तीतून काठाला जाणारी, मेंढ्यांची, गाळपेराच्या रानात जाणारी. बाजारपेठ, स्टेशन, तक्रारवाडी, डिकसळ, आणि दुसऱ्या बाजूने कुंभारगाव, भादलवाडी, एवढी ठिकाणं या जुन्या तुकड्यांनी बरीचशी जोडलेली आहेत. नवं बांधायचं फार थोडं आहे. ओढ्यांवर चार-दोन साकव, वेडी बाभूळ छाटणं, काही ठिकाणी हद्दीचा दगड शोधणं, आणि वाट जिथे उसात गडप झालीय तिथे शेतकऱ्याशी बोलणं. फरशी नको, पेव्हर ब्लॉक नकोत, एलईडीची झाडं तर नकोतच. वाट पाण्याच्या पूर्ण पातळीच्या वर, गाळापासून लांब ठेवायची. दिशा दाखवायला झाडाला रंगाचा एक पट्टा पुरे.

दक्षिण कोरियात जेजू नावाच्या बेटावर २००७ पासून अशीच वाट उभी राहत गेली. सुरुवात सरकारने केली नाही. सो म्युंग-सुक नावाच्या, मूळ त्या बेटावरच्या एका महिला पत्रकाराने स्पेनमधली यात्रेकरूंची वाट चालून आल्यावर ती सुरू केली. घरादारातून, शेतातून, मासेमारांच्या गावांतून जाणाऱ्या जुन्या वाटा शोधून सांधत गेल्या, खुणेला निळ्या-नारिंगी फिती बांधल्या. आज ती बेटाला वळसा घालते आणि ४००हून अधिक किलोमीटरची आहे. मला या गोष्टीत कौतुक वाटतं ते लांबीचं नाही. फितींचं वाटतं. फीत दहा रुपयांची असते आणि ती सुटली की कुणाला तरी जाऊन परत बांधावी लागते.

पण जेजू कशाला, आपल्याच तालुक्यात बघा. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी दरवर्षी जाते. बेलवाडीचं रिंगण बघायला आम्ही लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून गेलोय. गावं चालण्याने जोडायची विद्या आपल्याला कोरियाने शिकवायला नको. आपण त्या वाटेचं काय केलं? तिचा महामार्ग केला, ९६५ जी. वारकऱ्यांसाठी कडेने चालायची सोय आराखड्यात आहे, चांगलंच आहे. पण रुंदीकरणात गेलेली वडाची झाडं परत यायला किती वर्षं लागतील याचा हिशोब कुणी करावा? आपल्याकडे वाट म्हटलं की डोळ्यांपुढे वाहनच येतं. शिर्सुफळ आणि कडबनवाडीच्या माळांवर गवताळ सफारी आली, लांडगा आणि चिंकारा यांना कुणीतरी किंमत दिली, याचा मला आनंद आहे. तीही गाडीतूनच.

आता आक्षेप. गावात हे बोललो की जे ऐकायला मिळतं ते सगळं मूर्खपणाचं नाही.

पहिला आक्षेप पक्षीवाल्यांचा : माणसं काठाने फिरायला लागली तर पक्षी उठतील. खरं आहे, कुत्री आणि हॉर्न घेऊन गेली तर उठतीलच. पण आज काय चाललंय? उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून होडी थव्याच्या अंगावर घालायला लावणारे लोक येतात, आणि गाइड नको म्हणाला तर पैसे कापायची भाषा करतात. दीडशे-दोनशे मीटरवरून, झाडाआडून, दुर्बीण घेऊन बसलेला सातवीचा वर्ग त्यापेक्षा किती तरी बरा. आणि माणूस व पक्षी शेजारी राहू शकतात याचा पुरावा हवा असेल तर इंदापूरच्या तहसील कचेरीत जा. तिथल्या चिंचेच्या झाडांवर चित्रबलाक घरटी करतात. खाली सातबाऱ्याची रांग, वर पिल्लांचा कलकलाट. अशा जागेला मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे आपल्याकडे सारंगागार हा सुंदर शब्द आहे. भादलवाडीच्या तलावातही हेच पक्षी वीण घालतात. विणीच्या काळात त्या तुकड्यावरची वाट बंद ठेवा, इतकं सोपं आहे. दार बंद करता येणं हीसुद्धा वाटेची सोय आहे.

दुसरा आक्षेप माझ्या चुलत्याचा. "आमाला चालायला वेळ हाय व्हय? ही पुण्याची थेरं." यावर मी बराच काळ गप्प बसायचो. मग एकदा पहाटे साडेपाचला हायवेवर जाऊन उभा राहिलो. साखरेच्या गोळ्या चालू असलेलं निम्मं गाव तिथे चालत होतं. डॉक्टरने सांगितलंय, रोज चाला. चालायला दुसरी जागा नाही, म्हणून नऊवारीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या बायका सर्व्हिस रोडने चालतात आणि गाळप हंगामात शेजारून उसाच्या डबल ट्रॉल्या जातात, अर्ध्या मागचा दिवा नसलेल्या. त्यात माझी आई असते. चुलतेही असतात. तेव्हा वेळ नाही हे म्हणणं राहू द्या.

तिसरा आक्षेप होडीवाल्या मित्राचा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता. आज त्याला पक्ष्यांची शास्त्रीय नावं पाठ आहेत, कैकर कुठल्या खांबावर बसून मासा खातो हे तो वेळ सांगून दाखवतो. तो म्हणाला, "वाट केलीस तर लोक फुकटात बघतील. मग होडीत कोण बसणार?" त्याचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा. पावसाळ्यात जाळं, नाहीतर काहीच नाही. मी त्याला म्हटलं, तू मास्तर हो. या पट्ट्यातल्या प्रत्येक शाळेचा प्रत्येक वर्ग वर्षातून चार वेळा या वाटेवर यायला हवा, आणि शिकवणाऱ्याला पैसे मिळायला हवेत. अनुदानातून, ग्रामपंचायतीच्या निधीतून, कारखान्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खात्यातून, कुठूनही. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. चितमपल्लींचा वाढदिवस ते सालिम अलींचा वाढदिवस. त्या आठवड्यात शाळांमध्ये चित्रकला स्पर्धा होते आणि सगळी मुलं गूगलवरून बघून मोर काढतात. मित्र हसला. पटलं असं म्हणाला नाही. त्याचं न पटणं रास्त आहे, कारण मी त्याला पगार देत नाहीये, फक्त कल्पना देतोय, आणि कल्पना देऊन रविवारी संध्याकाळी पुण्याला परत जातोय.

चित्रकलेवरून आठवलं. कला म्हणजे भिंतीवर गुलाबी फ्लेमिंगो, असं सगळीकडे ठरून गेलंय. उड्डाणपुलाखाली, शौचालयावर, शाळेच्या कंपाउंडला. माझी मागणी वेगळी आहे. वाटेवरच्या प्रत्येक गावाने आपली एक भिंत द्यावी आणि तिथे बुडालेल्या गावाचा नकाशा काढावा. कुठे पार होता, कुठे तालीम, कुठला ओढा, कुणाची विहीर. हे आठवणारी माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत. जाळं विणणाऱ्या बायकांच्या हातात जे कसब आहे त्याला कुणी कला म्हणत नाही, तेही वाटेवर शिकायला मिळावं. आणि जिथे सांडपाण्याचा फेस दिसतो तिथे एक साधी पाटी : हे पाणी कुठून येतं. पुणे, पिंपरी-चिंचवड, किलोमीटरसकट. पाहुण्यांनी तिथे सेल्फी काढला तर मला चालेल.

शेवटचा आक्षेप सरकारी आहे. काठाची जमीन पाटबंधारे खात्याची, झाडं वन खात्याची, रस्ता ग्रामपंचायतीचा, रूळ रेल्वेचे. परवानगी कोण देणार? मी सॉफ्टवेअरवाला आहे, मला असले प्रकल्प ठाऊक आहेत ज्याचे मालक चार आणि सांभाळणारा एकही नाही. उद्घाटन होतं, केक कापतात, सहा महिन्यांनी लिंक उघडत नाही. म्हणूनच मला कोटींचा निधी नको वाटतो. कोटी आले की ठेकेदार येतो, ठेकेदार आला की कमान, कमान आली की तिच्यावर फोटो, आणि वाट कमानीपाशीच संपते. मनोरा, कारंजं, पार्किंग, काचेचा पूल यांतलं काहीही मंजूर करून घ्यायला सोपं आहे, कारण ते मोजता येतं आणि त्याचं बिल निघतं. चालू राहिलेल्या वाटेचं बिल निघत नाही. पुण्यात 'जीवितनदी'ची माणसं वर्षानुवर्षं लोकांना नदीकाठाने चालवत नेऊन नदी दाखवतात. मोठ्या योजनेची वाट बघत थांबली असती तर एकही फेरी झाली नसती.

गेल्या पक्षी सप्ताहात आम्ही एक तुकडा चालून पाहिला. एक शाळा तयार झाली, चौदा मुलं, दोन शिक्षिका, होडीवाला मित्र, मी, आणि मासेमारी सोडलेले एक तात्या. त्यांना सगळी मुलं पहिल्या दहा मिनिटांतच चिकटली, कारण पक्षी दिसायच्या आधी ते ओरडण्यावरून ओळखत होते. मित्र 'चित्रबलाक' म्हणायचा, तात्या 'ढोक' म्हणायचे. एका मुलीने दोन्ही नावं वहीत लिहून घेतली आणि विचारलं, बरोबर कुठलं? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "दोन्ही. तू गावात असली तर ढोक, परीक्षेला बसली तर त्याचं."

जाताना सगळं नीट झालं. येताना आम्ही दुसरी वाट धरली, जी माझ्या फोनवरच्या नकाशात मीच वर्षभरापूर्वी आखली होती. ती एका उसाच्या फडापाशी संपली. बांध नांगरून गेला होता, तारेचं कुंपण आलं होतं. शेतकरी भांडखोर नव्हता. म्हणाला, "पोरांनो, ह्या बारीला जावा आतनं, पण पुढं वढ्याला पानी हाय, लहान लेकरं जायची न्हाईत. वाट होती हितं. माझ्या आज्याच्या टायमाला बैलगाडी जायाची." मी त्याला नाव विचारलं, फोन नंबर घेतला, वाटेबद्दल परत बोलायला येईन म्हटलं. तो म्हणाला, या.

मग आम्ही मागे फिरलो आणि उरलेलं अंतर हायवेच्या कडेने आलो. चौदा मुलं एका रांगेत, पुढे तात्या, मागे मी, आणि शेजारून हॉर्न वाजवत जाणाऱ्या ट्रॉल्या.